केसला दिलेला गोठा

त्या गावात केसवर जाणं ही एक मजुरी होती. कुणी निंदायला जातं, कुणी मिरची तोडायला जातं, तसं कुणी केसवर जातं. अंगदच्या वावरातल्या पत्र्याच्या शेडात पत्ते चालायचे. भोकरदनचे, सिल्लोडचे लोक दुपारी गाड्या घेऊन यायचे आणि दिवस कलला की जायचे. दोन-तीन महिन्यांत एकदा ठाण्यातून जमादाराचा निरोप यायचा, की लई दिवस झाले, एखादी केस द्या. मग अंगद पाच गडी गोळा करायचा, ज्यांनी उभ्या जन्मात पत्ता पिसला नाही असे. ते ठरल्या वेळी चटईवर जाऊन बसायचे, जमादार यायचा, पंचनामा व्हायचा, पाचांची नावं लिहून घेतली की ज्याचा तो आपल्या घरी. पुढं तारीख पडली की दंड अंगद भरायचा आणि गड्याला दोन दिवसांची हजेरी मिळायची. खेळणारे वेगळे, धरले जाणारे वेगळे. आणि ह्यात कुणाला काही वावगंच वाटत नव्हतं.

दैवशालाला वाटायचं. अंगद तिच्या नवऱ्याचा, भागवतचा, चुलत भाऊ. त्याचं शेड आणि तिचं मिरचीचं वावर ह्यांच्यात फक्त एक बांध. शेडापुढं जागा पुरली नाही की लोक तिच्या बांधावर गाड्या लावायचे, चाकं मिरचीच्या पहिल्या सरीत. लघवीला उठले की तिच्याच वावराकडं तोंड करून खुशाल उभे राहायचे. तोडणीला बायका मिळेनाशा झाल्या. म्हणायच्या, "तुझ्या वावरात वाकायचं म्हंजे पाठीला डोळे टोचतेत माय."

एकदा तिनं अंगदला बांधावरच गाठलं होतं. तो हसला. "वहिनी, हे काय तीन पत्त्यांचं तिर्रट हाय का? हे पोकर हाय. गोव्यात लोक कोट घालून खेळतेत. डोक्याचा खेळ हाय हा, जुगार न्हाई."

"डोक्याचा हाय तर शाळंत शिकवा मंग. बांधावर मुतायला कामून येतेत तुमचे डोकेवाले?"

गोव्याहून त्यानं एक पेटी आणली होती. तिच्यात प्लास्टिकच्या रंगीत टिकल्या, रुपयापेक्षा मोठ्या आणि जाड, मधोमध आकडा. पैशाऐवजी टिकल्या मांडायच्या म्हणजे पैसा डोळ्याला दिसत नाही, अशी त्यात हुशारी. पेटीची किल्ली तो जानव्यासारखी गळ्यात घालून फिरायचा.

यंदा गावची पोलीस पाटलाची जागा बाईसाठी निघाली. दैवशाला दहावी झालेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिनं पोत्यावरचा छापसुद्धा धड वाचला नव्हता, पण फॉर्म भरला. परीक्षेच्या पुस्तकाची पानं फाडून कमरेला खोचायची आणि मिरची तोडता तोडता पाठ करायची. तिखटाच्या बोटांनी पान उलटायचं आणि तोच हात चुकून डोळ्याला लागला की अर्धा तास धारा. परीक्षेत ती पहिली आली. दुसरी आली कौसल्या, अंगदची बायको, बारावी पास. तोंडी परीक्षाही झाली. आता ठाण्यातून चारित्र्याचा दाखला गेला की ऑर्डर निघणार, एवढंच राहिलं होतं.

इथं तिनं एक चूक केली. नळावर बायकांत बोलून गेली, "ऑर्डर हातात पडू दे, पहिला अर्ज त्या शेडावर." नळावरचं बोलणं घागरीच्या आधी घरी पोचतं. संध्याकाळच्या आत ते अंगदच्या ओट्यावर पोचलं असणार.

*

मिरचीचा तिसरा तोडा चालू होता. पावसानं बारा-तेरा दिवस पाठ फिरवलेली, ऊन नुसतं तावत होतं, आणि निम्म्या झाडांवर कोकडा, पानं मुठीसारखी वळलेली. सकाळी सहापासून वाकलं की दहाच्या पुढं बोटांची आग सुरू व्हायची. ती पाण्यानं जात नाही. ताकात बुडवा, तेल लावा, राख चोळा, रात्रभर हात उशाला ठेवता येत नाही.

एरवी माल घेऊन पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला भागवत जायचा. त्या दिवशी तो बाजेवर पडून म्हणाला, "आज तू जा. माझी कंबर धरलीय."

"सकाळी तर गोण्या उचलून राह्यल्ते तुमी."

"तवाच धरली."

तिला नवल वाटलं, पण आलेल्या गाडीत गोण्या चढवून ती गेली. बाजारात व्यापाऱ्यानं गोणीत कोपरापर्यंत हात घातला, तळाची मिरची वर काढली, दोन बोटांत धरून तिच्या तोंडापुढं नाचवली. "कोकडा पडलाय बाई. घरी माणूस न्हाई का, तुला कामून पाठवलं?" आजूबाजूचे हसले. तिनं मिळेल तो भाव घेतला, विक्रीची पट्टी कमरेला खोचली आणि परतीच्या गाडीत मागच्या फळीवर बसून दिवस मावळायच्या आत वावरात आली.

म्हैस बाहेर उन्हात बांधलेली दिसली. भागवत एक वेळ स्वतः उपाशी राहील पण म्हैस उन्हात बांधायचा नाही. ती गोठ्यात शिरली. मिरची वाळवायची ताडपत्री, तिनं परवाच धुऊन घडी घातलेली, जमिनीवर अंथरलेली होती. तिच्यावर विडीची थोटकं. कुडाला गुटख्याची पिचकारी, ताजी. तिनं ताडपत्री झटकली, म्हशीला आत घेतलं आणि गव्हाणीत कडबा सारखा करायला हात घातला तर बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. लाल टिकली. वर पाचशेचा आकडा.

भागवत हौदावर पाय धूत होता. कंबर धरलेला माणूस वाकून टाचा घासत होता.

"गोठ्यात कोण बसल्तं?"

"कोण बसणार? पोरं आली असतेन सावलीला."

"म्हैस कुणी बाहेर काढली?"

"मीच. माशा चावून राह्यल्त्या."

त्यानं म्हशीपुढं पाण्याची बादली ठेवली. म्हैस आताच पिऊन आली होती, तिनं तोंडही लावलं नाही. त्यानं बादली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. एकोणीस वर्षांच्या संसारात दैवशालाला एवढं कळत होतं, की खोटं बोलला की हा माणूस जनावराला पाणी पाजत सुटतो. तिनं टिकली पट्टीसोबत कमरेला खोचली.

*

दुसऱ्या दिवशी बबलू फवारणीला आला. तीस-पस्तिशीचा गडी, दोन लेकरांचा बाप, पाठीवर पंप घेऊन गावभर फिरणारा. दोन सऱ्या मारून झाल्यावर चहाला टेकला आणि आपणहून म्हणाला, "काकू, तुमचा गोठा बाकी गार हाय. अंगदच्या शेडात केस दिली की घामानं जीव जातो. काल तर डोळा लागत होता मला."

दैवशालानं हातातली बशी खाली ठेवली. पण तिनं आवाज चढवला नाही. "काल लई वेळ लागला का रे?"

"टिकल्यांनी लावला. अंगद म्हणला, खरं वाटलं पाह्यजे, म्हणून पेटी घेऊन आल्ता. जमादार म्हणला, हे मला लिहिता येत न्हाई, ह्याचं नाव पोकर लिहिलं तर वरचे इचारतेन कुठून आलं. साधे पत्ते ठेव. मंग पेटी माघारी नेली, भागवतकाकानं घरातून पत्त्याचा जुना कॅट आणून दिला. जमादारानं तिर्रट लिहिलं आन गेला." तो हसला. "आमाला तिर्रट तरी कुठं येतंय."

"आन जागा कुणाची लिहिली?"

"अंगद म्हणला भागवतची. पण जमादारानं मोबाइलात गट नंबर टाकून पाह्यलं. म्हणला, ही तर बाईच्या नावावर हाय. अंगद म्हणला, मंग जे हाय ते लिहा साहेब, कायद्यानं चला." बबलूनं चहा संपवला आणि मग कुठं त्याला काकूचा चेहरा दिसला. "तुमाला ठाव न्हवतं का?"

दैवशाला खाली सरीत बसली.

ते वावर खरंच तिच्या नावावर होतं. एका नावावर ठिबकचं अनुदान एकदाच मिळतं, म्हणून चार वर्षांपूर्वी भागवतनं दोन एकराचा हा तुकडा तिच्या नावावर केला. तलाठ्यापुढं सही करताना म्हणाला होता, "नुसतं कागदावर हाय गं, ठिबकपुरतं." नंतर त्या वावरात काय पेरायचं, कधी पेरायचं, माल कुठं घालायचा, हे तिला एकदाही कुणी विचारलं नाही. पाणी द्यायला ती, तोडायला ती, निंदायला ती. ठिबकच्या नळ्या आल्या आणि तिचं नाव सगळे विसरले. तीसुद्धा जवळजवळ विसरली होती. आणि आता एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या नावाचा कुणाला तरी उपयोग झाला होता, तो हा.

भागवत पलीकडच्या बांधावर गवत कापत होता. ती सऱ्या तुडवत गेली.

"गोठा कामून दिला?"

त्यानं विळा खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"मी इचारून राह्यले ते सांगा."

"अंगद म्हणला," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "शेडावर तीन केशी झाल्या, चौथी झाली तर वरचे लोक शेडच बंद करतेन. एका दुपारपुरता गोठा दे म्हणला. त्याच्या इहिरीचं पाणी घेऊन राह्यलो आपण. न्हाई कसं म्हणू?"

"मला इचारायचं."

"तुला काय इचारायचं त्यात? गोठा का तुझ्या बापानं…" तो मध्येच थांबला. बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं होतं.

"बोला की. कुणाच्या नावावर हाय गोठा?"

"माझ्या ध्यानातच न्हवतं," भागवत म्हणाला. "आईची आण. बिलकुल ध्यानात न्हवतं."

त्याच्यावर तिचा विश्वास बसला, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. कपटानं केलं असतं तर निदान तिचा विचार तरी केला असता. ह्याच्या डोक्यात ती नव्हतीच. हाताची आग, व्यापाऱ्याचं हसणं, कमरेला खोचून पाठ केलेली पानं, सगळं एकदम उसळून आलं. तिनं त्याचा विळा उचलला आणि लांब, पार अंगदच्या बांधापलीकडं भिरकावला.

"मी गुन्हेगार झाले," ती म्हणाली. "तुमच्या ध्यानात न्हवतं म्हणून मी जुगारवाली झाले. जा, आणा तो विळा. भाऊच हाय ना तुमचा, देईल."

*

तिसऱ्या दिवशी जमादाराची नोटीस आली: जागामालक म्हणून दैवशाला भागवत हिनं ठाण्यात हजर राहावं. नोटिशीच्या मागोमाग अंगद आला. स्वच्छ कपडे, गळ्यात किल्ली. ओट्यावर बसला. दैवशालाची सासू सोनूबाई हिनं त्याला चहा दिला.

"वहिनी, घाबरायचं काम न्हाई," तो चहा फुंकत म्हणाला. "कबूल करून टाकायचं. दंड मी भरतो, जाण्यायेण्याचा खर्चा माझा. तुमाला उभंसुद्धा राहावं लागणार न्हाई."

"आन माझा दाखला?"

"दाखल्याचं आता अवघड हाय. नावावर गुन्हा म्हणल्यावर ठाणं तरी काय करील?" त्यानं एक घोट घेतला. "पण पाटीलकी घराबाहेर थोडीच जाऊन राह्यली? तुमी काय आन कौसल्या काय, एकच घर. उलट बराबर झालं म्हणा. तुमाला वावराचंच काम उरकंना."

भागवत उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. दैवशालानं त्याच्याकडं पाहिलं. म्हटलं आता तरी काही बोलेल. तो उकरतच राहिला.

ती उठली, अंगदच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा त्याच्या डोळ्यादेखत मोरीत ओतला. कप विसळला. फळीवर पालथा घातला.

"पाव्हण्याच्या हातातलं काढू न्हाई गं," सोनूबाई पुटपुटली.

"पाव्हणा न्हाई हा, आत्याबाई. पाव्हणा इचारून येतो."

अंगद उठला. त्याचं हसू गेलं होतं. "उद्यापासून इहिरीचं पाणी बंद," तो भागवतला म्हणाला, तिला नाही. "मिरची करपली तर मला म्हणायचं न्हाई."

तो गेल्यावर सोनूबाई सुनेजवळ येऊन बसली. "बाईनं चौकीची पायरी चढू न्हाई. दंड भरतो म्हणतोय तर भरू दे."

"पाटलीण झाले असते तर रोजच चढावी लागली असती की पायरी," दैवशाला म्हणाली. "मी उद्या जाणार. ह्यांनाबी नेणार."

*

ठाण्यात जमादारानं तिला बसायला सांगितलं नाही. भागवतला सांगितलं. तो अर्धा टेकला.

"इथं सही करा," जमादार म्हणाला.

"आधी वाचते."

"वाचायचं काय त्यात? जागा तुमची, तिथं जुगार सापडला."

तिनं वाचलं. सावकाश, एकेक ओळ. मग कमरेची टिकली काढून टेबलावर ठेवली. लाल टिकली हिरव्या कापडावर उठून दिसली. "हा मुद्देमाल राह्यला तुमचा. गव्हाणीत पडल्ता. असल्या पेटीभर हायेत अंगदच्या शेडात. चला, दाखवते."

जमादारानं टिकली उचलली नाही. हात मागं घेतला. आवाज मऊ केला. "हे पाहा बाई, तुमचा दाखला अडकलाय, मला ठाव हाय. एक रस्ता हाय. लिहून द्या, की जमीन नावालाच तुमची, वहिवाट सगळी नवऱ्याची, तुमचा काही संबंध न्हाई. तुमचं नाव काढून टाकतो. त्याचं घालतो. दाखला मोकळा."

भागवत पुढं सरकला. "देते साहेब, लिहून देते ती. माझं घाला. मला काय, मी कुठं पाटील होऊन राह्यलो." आणि तिच्याकडं वळून, आर्जवानं, "दे ना गं. सुटशील."

सुटली असती. एका सहीनं सुटली असती, हे तिलाही कळत होतं. तो आपणहून आरोपी व्हायला तयार होता, तेवढा भला होताच. पण त्या कागदावर काय लिहायचं होतं? की चार वर्षं ती वाकली ते वावर तिचं नाही. तिचा संबंध नाही. नवऱ्याच्या ध्यानात नव्हतं, तेच तिनं स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून, खरं आहे म्हणून द्यायचं. तिच्या बोटांची आग खांद्यापर्यंत चढली.

"माझा संबंध न्हाई?" ती म्हणाली. तिनं दोन्ही पंजे टेबलावर उलटे केले. तळवे लालभडक, बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली. "हे कशानं झालं मंग? पत्ते पिसून? कोरा कागद द्या. मी लिहिते."

"तक्रार अशी घेता येत न्हाई. ठाण्याचे साहेब न्हाईत."

"बसते."

"चार वाजतील."

"मिरची तोडायला बाराबारा तास वाकते साहेब. चार काय लांब न्हाईत."

कागद त्यानं दिला नाही. तिनं मिरचीच्या पट्टीची मागची बाजू घेतली, ती पुरेना म्हणून एका शिपाई बाईनं आपल्या वहीतली चार पानं फाडून दिली. दैवशाला व्हरांड्यात फरशीवर बसली आणि लिहू लागली. ज्या दिवशी गोठ्यात पत्ते दाखवले त्या दिवशी मी पिंपळगावच्या बाजारात होते, ही पट्टी. वावर माझं आहे, मी करते. मला न विचारता अंगदनं माझ्या गोठ्यात माणसं बसवली. खेळणारे वेगळे, बसवलेले वेगळे, केस ठरवून दिली. एक-दोन ठिकाणी वेलांटी चुकली असेल. पेन घट्ट धरलं की सोललेल्या पेरातून पाणी यायचं आणि कागद ओला व्हायचा. ती पदरानं टिपायची आणि पुढं लिहायची. मग तेच सगळं दुसऱ्या पानांवर पुन्हा, पोच घेण्यासाठी. तक्रार दिली की पोच मागायची, हे पुस्तकात होतं.

जमादार दोनदा येऊन वाचून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "हे 'ठरवून' तेवढं खोडा. बाकीचं मी घ्यायला लावतो."

"एक अक्षर खोडणार न्हाई."

भागवत खांबाला टेकून उभा होता. त्यानं डबा आणला होता, तो तिनं उघडला नाही.

साडेचारला साहेब आले. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला, मग बसून वाचला. टिकली बोटांत धरून फिरवली. जमादाराकडं पाहिलं, जमादार खिडकीबाहेर बघत होता.

"बाईच्या सांगण्याला साक्ष कोण?" साहेब म्हणाले.

दैवशालानं मान वळवली नाही. तिनं ठरवलंच होतं, नवऱ्याच्या तोंडाकडं आता बघायचं नाही. बबलूचं नाव ती सांगू शकली असती, पण बबलूला दोन लेकरं होती आणि अंगदच्या गावात फवारणीला फिरायचं होतं. तिनं ते नाव गिळलं.

"तुम्ही नवरे ना?" साहेबांनी भागवतला विचारलं. "शेत कुणाचं?"

भागवतनं खांब सोडला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"तिचं," तो म्हणाला.

"आणि गोठा?"

"तोबी तिचाच. मी दिल्ता. तिला इचारलं न्हाई." तो थांबला. "अंगद म्हणला, म्हणून दिल्ता. पत्त्याचा कॅट मीच घरातून आणून दिला. खेळणारं कुणीच न्हवतं तिथं. बसवल्ते."

"हे लिहून दिलं तर आरोपीत तुमचं नाव येईल. अंगदचंही येईल. भाऊ ना तुमचा?"

"व्हय."

"मग?"

"लिहा," भागवत म्हणाला.

साहेबांनी शिक्का मागवला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच दिली. भागवतनं आपल्या जबाबाखाली सही केली, अक्षर वाकडं, शाळेतल्या पोरासारखं. दैवशालानं पोच घडी करून कमरेला खोचली. तिला वाटलं होतं, हे झालं की छातीतलं ओझं उतरेल. काही उतरलं नाही. हेच शब्द परवा बांधावर बोलला असता, काल ओट्यावर बोलला असता, बाजाराच्या दिवशी सकाळी बाजेवर पडून बोलला असता, तर आज फरशीवर बसायची वेळ कुणावर आली नसती. एवढं साधं वाक्य, आणि ते काढायला ह्याला ठाणं लागलं.

रस्त्यानं ती पुढं चालली. तो दहा पावलं मागं.

*

आठ दिवसांनी निवडीची यादी लागली. गावच्या जागेपुढं निकाल राखून ठेवल्याचं लिहिलं होतं. दैवशालाचं नाव चौकशी होईपर्यंत अडकलं, आणि नवऱ्यावर गुन्हा म्हणून कौसल्याचंही अडकलं. कौसल्या नळावर दिसली तेव्हा तिनं घागर आपटली. "ना तुला, ना मला," ती म्हणाली. "काय मिळालं गं अक्का?"

"वावर मिळालं," दैवशाला म्हणाली आणि आपली घागर उचलली.

अंगदचं शेड बंद होतं. किती दिवस राहील, देव जाणे. सिल्लोडकडं दुसरी जागा बघतोय असं लोक म्हणत होते. विहिरीचं पाणी त्यानं तोडलं ते तोडलंच. मिरचीच्या वरच्या सात सऱ्या माना टाकून बसल्या होत्या. भागवत पहाटे उठून गावच्या टाकीचं पाणी ड्रमनं आणून ओतायचा. सात सऱ्यांतल्या तीन वाचतील असं वाटत होतं. भावकीत त्याला कुणी रामराम घालत नव्हतं. तारीख पडली की त्याला जावं लागणार होतं, आणि ह्या वेळी दंड भरायला अंगद नव्हता.

दुपारी ती चौथ्या तोड्याला वाकलेली असताना तो बांधावरून आला. सरीच्या टोकाला उभा राहिला. आत पाय घातला नाही.

"काय हाय?"

"शेजारचा रामप्रसाद आलाय. खताच्या गोण्या आल्यात त्याच्या, आभाळ भरून आलंय. दोन दिवस गोठ्यात ठेवू का म्हणतोय."

"मंग?"

"मंग तुला इचारायला आलो."

तिनं मान वर केली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पाणी वाहून वाहून त्याचा उजवा खांदा सोललेला दिसत होता. रामप्रसाद लांब गाडीजवळ उभा राहून इकडंच बघत होता, आणि नवरा बायकोला गोठ्याचं विचारतोय हे त्याला कळल्यामुळे हसत होता. ते हसू भागवतच्या पाठीवर पडत होतं आणि त्यालाही ते माहीत होतं.

"आता इचारता व्हय," ती म्हणाली. "थांबा ततंच. सरी संपू द्या."

सरी लांब होती. तिनं घाई केली नाही. एकेक झाड, एकेक देठ, वळलेली पानं बाजूला सारून मिरची पाटीत. मधे एकदा ती पाणी प्यायला थांबली. तो उकाड्यात उभा राहिला, टोपी हातात घेऊन, ना पुढं ना मागं. सरीच्या शेवटच्या झाडापाशी आल्यावर तिनं पाटी कमरेवर घेतली आणि त्याच्यासमोरून बांधावर चढली.

"ठेव म्हणा," ती म्हणाली. "पण दाराला कुलूप लावायचं, आन किल्ली माझ्यापाशी राहील."

तो रामप्रसादला सांगायला गेला.